चौसष्ट घरांतला गहू

रेडिओवर बोलताना एक अडचण असते. कागदावर मोठी संख्या लिहिली की वाचणारा तिच्यावरून नजर फिरवून पुढं जातो. मायक्रोफोनसमोर ती उच्चारावी लागते. आज ज्या संख्येबद्दल बोलायचं आहे ती वीस अंकी आहे. छापताना ती अशी दिसेल : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आता वाचा! लाख, कोटी, अब्ज इथवर आपली जीभ सराईत आहे. त्यापुढं बहुतेकजण 'लाख कोटी' म्हणून वेळ मारून नेतात, आणि इथं तेवढ्यानंही भागत नाही.

मी भास्कराचार्यांना शरण गेलो. ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त त्यांनी संख्येच्या अठरा स्थानांची नावं सांगितली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी असं चढत चढत शेवटचं अठरावं स्थान परार्ध. एकावर सतरा शून्यं. त्या नावांनी आपली संख्या अशी वाचता येते : एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहाशे पंधरा. निखर्व आणि कोटी या दोन घरी शून्य आहे, म्हणून ती नावं आली नाहीत. भास्कराचार्यांची यादी परार्धाला संपते आणि ही संख्या परार्धच एकशे चौऱ्याऐंशी वेळा मागते.

ही संख्या कुठली, हे अनेकांनी एव्हाना ओळखलं असेल. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाची ही संख्या. हिंदुस्थानातल्या एका राजाला सिस्सा नावाच्या शहाण्यानं बुद्धिबळाचा खेळ करून दाखवला. राजा खूश झाला, म्हणाला, माग काय हवं ते. सिस्सानं मागितलं : पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जेवढे दाणे होतील तेवढे द्या. राजाला हा माणूस अगदीच अल्पसंतुष्ट वाटला.

मी ही गोष्ट पहिल्यांदा तिसरी-चौथीत ऐकली. घरी येऊन ओट्यावर कोळशानं चौसष्ट घरं आखली आणि दाणे मांडायला बसलो. गहू आमच्याकडं सणालाच यायचा, म्हणून ज्वारी घेतली. अकराव्या घराला एक हजार चोवीस दाणे लागतात. तिथं घरही पुरेना आणि धीरही. तेवढ्यात दादीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं पाहिलं. ''अनाजसे खेलते नै बेटा,'' म्हणाली आणि सगळी ज्वारी सुपात गोळा करून घेऊन गेली. तो प्रयोग तिथंच थांबला. दहावीनंतर माझं गणित सुटलं, बी. ए.ला मी भाषा घेतली आणि पुढं कविता लिहू लागलो. पण ती अर्धवट राहिलेली मांडणी डोक्यात कुठंतरी होतीच.

चार-पाच वर्षांपूर्वी एका पावसाळी आठवड्यात मी ती कागदावर पुरी केली. एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, असं जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागं लिहीत गेलो. लहानपणी गुरुजींनी शिकवलेला नवाचा ताळा इथं कामी आला. प्रत्येक घरच्या संख्येतले अंक मिळवत एक अंक उरेपर्यंत जायचं. तो क्रमानं एक, दोन, चार, आठ, सात, पाच असाच येतो आणि पुन्हा एकापासून सुरू होतो. सत्तेचाळिसाव्या घरी सात यायला हवा होता, माझा आठ आला. मागं कुठंतरी हातचा चुकला होता. दोन पानं खोडून पुन्हा केली.

बेरीज करायला मात्र फारसे कष्ट पडत नाहीत. पहिल्या दोन घरांत मिळून तीन दाणे, तिसऱ्यात चार. पहिल्या तिन्हींत मिळून सात, चौथ्यात आठ. म्हणजे आतापर्यंतची सगळी घरं एकत्र केली तरी पुढच्या एका घरापेक्षा त्यांत एक दाणा कमीच असतो. म्हणून पासष्टावं घर असतं तर त्यात किती दाणे बसले असते ते काढायचं आणि एक वजा करायचा. या दुपटीचा खरा कावा इथं आहे. प्रत्येक नवं घर मागच्या सगळ्या इतिहासापेक्षा एकट्यानं मोठं असतं.

आता वजन पाहू. एका किलोत गव्हाचे ढोबळमानानं पंचवीस हजार दाणे धरले, तर पटाच्या पहिल्या ओळीतल्या आठ घरांत मिळून २५५ दाणे, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम. दोन ओळींत अडीच किलोंच्या थोडं वर. तीन ओळींत सुमारे पावणेसात क्विंटल. चार ओळींत, म्हणजे अर्ध्या पटावर, १७२ टन. दहा-दहा टनांचे सतरा ट्रक. इथपर्यंत राजाच्या कोठारातून माल निघेल. कारभारी अजून हसत असेल. आणि उरलेल्या अर्ध्या पटावर? एकूण गहू होतो सुमारे ७३,७८७ कोटी टन. आज साऱ्या जगात वर्षाला ऐंशी कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. त्या हिशेबानं नऊशे वर्षांहून अधिक काळ सगळ्या पृथ्वीनं एक पोळी न खाता सिस्साचं देणं फेडत राहावं लागेल.

गोष्ट हिंदुस्थानातली खरी, पण तिची आपल्याला माहीत असलेली जुनी लेखी रूपं अरबी ग्रंथांत आहेत. नवव्या शतकातल्या याकूबीच्या इतिहासात ती आहे. दुपटीचं कोडं तर त्याहून कितीतरी जुनं. युफ्रेटिस नदीकाठच्या मारी शहरात सापडलेल्या, पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या पाटीवर धान्याचा दाणा तीस वेळा दुप्पट केलेला आहे. तीस दिवस म्हणजे महिना, ते समजतं. तिसाचे चौसष्ट झाले ते बुद्धिबळामुळं.

इ. स. ९५२च्या सुमारास दमास्कसमध्ये उक्लिदिसी नावाच्या गणित्यानं हिंदी हिशेबावर एक पुस्तक लिहिलं. 'हिंदी हिशेब' म्हणजे आपले दशमान अंक आणि शून्य. या विषयावरचं आज उपलब्ध असलेलं हे सर्वांत जुनं अरबी पुस्तक. तोवर हे अंक पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटानं लिहीत आणि पुसत. आपल्या 'धुळाक्षरं' या शब्दात ती रीत अजून जिवंत आहे. उक्लिदिसीला ती पसंत नव्हती. रस्त्यावर बसून भविष्य सांगणाऱ्यांच्या हाती धूळपाटी असते, सभ्य माणसानं शाई-कागद वापरावा, असं त्याचं म्हणणं. या पुस्तकाच्या अखेरीला त्यानं एकाची चौसष्ट वेळा दुप्पट कशी करावी ते सांगितलं आहे, कारण लोक त्याबद्दल नेहमी विचारतात! म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या दमास्कसमध्येही हे कोडं चावडीवर घोळत होतं. आणि ते सुटण्यासाठी शून्याचे अंक हवेत. अक्षरांनी किंवा रोमन खुणांनी ही वीस अंकी संख्या मांडायला बसणाऱ्याची काय गत होईल, ती कल्पना करून पाहावी.

त्यानंतर साधारण इ. स. १०००मध्ये अबू रैहान अल-बिरुनी. कास्पियन समुद्राजवळच्या गुर्गानला तेव्हा तो राहत होता, वय सत्तावीसच्या आसपास. निरनिराळ्या लोकांच्या कालगणनेवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात हा पट घेतला. पण त्रेसष्ट वेळा दुप्पट करत बसणाऱ्यांतला तो नव्हता. त्याला एक वाट दिसली. पाचव्या घरात सोळा दाणे. सोळाला सोळानं गुणलं की २५६, ते नवव्या घराचे दाणे. २५६ला २५६नं गुणलं की ६५,५३६, ते सतराव्या घराचे. त्याचा वर्ग केला की तेहतिसाव्या घराचे, ४,२९,४९,६७,२९६. आणि त्याचा वर्ग म्हणजे पटावर नसलेलं पासष्टावं घर. त्यातून एक वजा. चार गुणाकारांत काम झालं. मी दिनदर्शिकेची पानं काळी करत होतो तेव्हा मला ही युक्ती ठाऊक नव्हती, आणि असती तर तो आठवडा इतक्या आनंदात गेला नसता, हेही खरं.

उत्तर मिळाल्यावर ते माणसाच्या ध्यानात यावं म्हणून बिरुनी त्या दाण्यांचे दिरहम करतो, दिरहमांच्या थैल्या करतो, थैल्या जनावरांवर लादतो आणि असं करत शेवटी २,३०५ डोंगरांपर्यंत पोचतो. पुढं हाच बिरुनी संस्कृत शिकला. १०३०च्या सुमारास हिंदुस्थानावर लिहिलेल्या ग्रंथात त्यानं नोंदवलं आहे की, त्यानं तपासलेल्या भाषांत हजाराच्या पुढच्या स्थानांना नावं नाहीत, अरबांचीही धाव हजारापर्यंतच. हिंदू मात्र अठराव्या स्थानापर्यंत, परार्धापर्यंत नावं देतात. तरुणपणी ज्या संख्येला 'हजार हजार हजार' म्हणत राहावं लागलं, तिची नावं त्याला तीस वर्षांनी सापडली, असं मी आपलं मनाशी म्हणतो. त्याला ते तसं वाटलं होतं का, कोण जाणे.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो तेराव्या शतकातला इब्न खल्लिकान. नामांकितांची चरित्रं लिहिणारा, काझी, म्हणजे माझ्यासारखाच अक्षरांत रमणारा. बुद्धिबळपटू अस-सूलीच्या चरित्रात त्यानं सिस्साची गोष्ट दिली आणि कबूल केलं की आपला या हिशेबावर विश्वास बसत नव्हता. मग अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसानं त्याला कागदावर पटवून दिलं. सोळाव्या घरी ३२,७६८ दाणे होतात. ते एका मापात भरले. आता माप दुप्पट करत जायचं. मापांची पोती, पोत्यांचं चाळिसाव्या घरी एक कोठार. पन्नासाव्या घरी अशी १,०२४ कोठारं. तेवढ्यांचं एक शहर समजू. मग चौसष्टाव्या घरी शहरं किती? १६,३८४. आणि जगात एवढी शहरं आहेत का, असा त्या हिशेबनिसाचा सवाल. बिचाऱ्याचं नाव इब्न खल्लिकाननं दिलेलं नाही, पण युक्ती मोलाची आहे. संख्या डोळ्यांत मावत नसेल तर मापच बदलायचं. दाणा सोडून माप धरायचं, माप सोडून कोठार, कोठार सोडून शहर.

पुढं ही दुप्पट युरोपात पोचली. फिबोनाचीच्या १२०२च्या ग्रंथात ती आहे. आणि दान्ते या कवीला स्वर्गातल्या तेजाच्या ठिणग्या किती हे सांगायचं झालं, तेव्हा त्यालाही बुद्धिबळाच्या दुपटीचीच आठवण झाली. कवींना मोठ्या संख्येचा मोह असतोच. मी स्वतः गझलांमध्ये 'बेहिसाब' आणि 'अगणित' हे शब्द किती वेळा वापरले, त्याचा हिशेब नाही. बहुधा शंभराच्या आत सगळं आटपत असावं! सिस्साची संख्या माझ्या कुठल्याही 'अगणित'पेक्षा मोठी आहे, आणि तरी ती शेवटच्या दाण्यापर्यंत मोजलेली आहे. तिच्या शेवटी पाच आहे, चार नव्हे की सहा नव्हे.

शेवटी पाच आहे म्हणजे पाचानं भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून तिनानंही जातो. शाळेतल्या एवढ्या नियमांनी वीस अंकी संख्येत दार उघडतं, मग आत शिरायला काय हरकत आहे? पटाची पहिली ओळ २५५ दाण्यांची. दुसरी ओळ तिच्या २५६ पट, तिसरी त्याच्या २५६ पट. म्हणजे प्रत्येक ओळ २५५च्या पटीत, आणि सगळा पटही. २५५ म्हणजे तीन गुणिले पाच गुणिले सतरा. हीच फोड पुढं नेली तर आख्खी संख्या सहा संख्यांचा गुणाकार ठरते : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. यातली प्रत्येक संख्या बिरुनीच्या त्या वाटेवरच्या घरांहून एकानं जास्त. दोनहून एक जास्त तीन, चारहून पाच, सोळाहून सतरा, २५६हून २५७.

या संख्यांवर १६४०मध्ये तुलूझचा न्यायाधीश पिएर द फर्मा याची नजर पडली. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून त्यांना कशानंही भाग जात नाही. फर्मानं म्हटलं, या मालिकेतल्या सगळ्याच अशा असणार. जवळजवळ शतकभर कुणी त्याला खोटं पाडू शकलं नाही. १७३२मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये पंचवीस वर्षांच्या लिओनार्ड ऑयलरनं दाखवून दिलं की सहाव्या संख्येला ६४१नं भाग जातो. ६४१ गुणिले ६७,००,४१७. कुणीही कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार करून पाहावा. पाच मिनिटांचं काम आहे. पण ते ६४१ शोधायचं कसं? याचं कारणही ऑयलरनंच पुढं सांगितलं. त्या संख्येला भाग जायचाच असेल तर भाजक चौसष्टच्या पटीहून एकानं जास्त असलाच पाहिजे. अशा मूळ संख्या ओळीनं पाहिल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. चौसष्ट घरांच्या गोष्टीत हा चौसष्ट पुन्हा असा भेटला तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन येरझाऱ्या घातल्या. गणित्यांना यात काही विशेष वाटणार नाही. त्यांच्या लेखी ते ओघानंच येतं.

पहिल्या पाच संख्यांचं नशीब मात्र उजळलं. १७९६मध्ये अठरा वर्षांच्या गाउसनं सिद्ध केलं की फक्त पट्टी आणि कंपास वापरून सतरा समान बाजूंची आकृती काढता येते. दोन हजार वर्षं कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाचही बाजूंच्या आकृत्या तशा काढता येतात. म्हणजे सिस्साच्या गव्हाच्या राशीत भूमितीची एक किल्लीही पडून होती. रास वाटायचीच झाली तर या संख्यांइतक्या माणसांत ती बरोबर वाटली जाईल, ६४१ जणांतही वाटली जाईल. सात जणांत वाटली तर एक दाणा उरतो.

आता थोडं घराकडं वळतो. 'लीलावती'त सिस्सा नाही, पण दुपटीचं एक उदाहरण आहे. एका माणसानं याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचं कबूल केलं. महिन्याभरात किती निष्क झाले? उत्तर येतं २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, नऊ द्रम्म, नऊ पण, दोन काकिणी आणि वर सहा कवड्या. या शेवटच्या सहा कवड्याही भास्कराचार्य सोडत नाहीत. बुद्धिबळाच्या पटावर पाहिलं तर हा दाता पहिलं घर वगळून दुसऱ्यापासून सुरुवात करतो आणि एकतिसाव्या घरी थांबतो. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या देवळात १२०७चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ काढला, त्याची ती नोंद, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ती उजेडात आणली. या मठात पोरांनी कवड्यांचं हे गणित घोकलं असेल, असं मानायला काय हरकत आहे.

त्यानंतर १५८७मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 'लीलावती' फारसीत नेली. फैजी गणिती नव्हता, कवी होता. लीलावतीच्या लग्नाची घटका भरताना तिच्या अंगावरचा मोती घटिकापात्रात पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला, ही आपल्याकडं घरोघर माहीत असलेली कथा मूळ ग्रंथात नाही. ती फैजीच्या प्रस्तावनेतून पसरली. गणिताच्या पुस्तकाला दार म्हणून एखादी गोष्ट हवी, हे कवीला सुचलं. या बाबतीत मी माझ्या जातभाईच्या बाजूनं आहे.

भास्कराचार्यांच्या उत्तरात एक कवडी मिळवा, म्हणजे ते वगळलेलं पहिलं घरही जमेस धरा. २,१४,७४,८३,६४७ होतात. ही संख्या मूळ आहे, हे १७७२मध्ये पुन्हा त्या ऑयलरनंच सिद्ध केलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढं बरीच वर्षं ती माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

आणि हीच संख्या आपल्या संगणकांत बसली आहे. संगणक मोजतो ते बुद्धिबळाच्या पटासारखंच. प्रत्येक घरातला गहू एक तर पूर्ण घ्यायचा, नाहीतर पूर्ण सोडायचा. शंभर दाणे हवेत? सातव्या, सहाव्या आणि तिसऱ्या घरातला गहू घ्या : चौसष्ट, बत्तीस आणि चार. कुठलीही संख्या अशी घरं निवडून बनते, आणि एकाच पद्धतीनं बनते. जुन्या अनेक यंत्रणांत मोजायला अशी एकतीस घरं ठेवलेली होती. डिसेंबर २०१४मध्ये यूट्यूबवरचं 'गंगनम स्टाइल' हे कोरियन गाणं इतक्या वेळा पाहिलं गेलं की एकतीस घरांचा मोजपट्टा पुरेनासा झाला, आणि तो वाढवावा लागल्याचं कंपनीनं जाहीर केलं. काही जुन्या यंत्रणांची घड्याळंही सेकंद असेच मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी त्यांची एकतीस घरं भरतील. आजकालची यंत्रं चौसष्ट घरांची आहेत, आणि त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे आपली तीच, सहाशे पंधरावर संपणारी.

फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यानं १८८३मध्ये तीन खुंट्या आणि चकत्यांचं एक कोडं बाजारात आणलं. त्याच्याबरोबर एक कथा पसरली : काशीच्या देवळात सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या एका खुंटीवरून दुसरीवर हलवत आहेत, काम संपेल तेव्हा जगही संपेल. असं देऊळ काशीत नाही. पण लागणाऱ्या हालचाली मोजल्या तर पुन्हा हीच संख्या येते. सेकंदाला एक चकती हलवली तर ५८,४५४ कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे.

आता ही संख्या माझ्या मागं का लागली, ते सांगतो. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत एक मोडी कागद मिळाला. जाणकाराकडून वाचून घेतला. १९३८ साली माझ्या दादानं, वडिलांच्या वडिलांनी, बैलासाठी एकशे वीस रुपये घेतले होते. दरसाल दरशेकडा पंचवीस, चक्रवाढीनं. अंगठा होता, दोन साक्षीदार होते. सहाव्या वर्षी ती रक्कम साडेचारशेच्या वर गेली आणि ओढ्याकडचं दोन एकर रान सावकाराच्या नावावर झालं. घरात एवढंच माहीत होतं की रान 'बैलापायी' गेलं. दादीला तर व्याज दिल्याचंही पाप वाटायचं. ती त्या रानाचं नाव काढू द्यायची नाही.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रानं या दुपटीला लगाम घातला होता. दामदुपटीचा नियम : थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही. म्हणजे सावकाराला पटाच्या दुसऱ्या घरावरच थांबवायचं. ज्या समाजानं परार्धापर्यंत नावं दिली, त्यानंच हा नियम केला. दुप्पट कुठं जाते हे त्याला ठाऊक होतं. नियम होता म्हणून तो पाळला गेला असं नाही. १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते काही उगाच नव्हे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातली न्यायालयं दामदुपट मानत, पण तो हिंदू कायदा म्हणून. मूळ ऋणको हिंदू असेल तरच. माझा दादा त्यात बसत नव्हता. त्याचं कर्ज एकशे वीसवरून दोनशे चाळीसवर थांबायला हवं होतं, ते कायद्यानं थांबत नव्हतं. १९४६च्या मुंबई सावकारी कायद्यात, थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा अधिक देववू नये, हे कलम आलं; त्यात धर्माची अट नव्हती. तोवर रान जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्या कागदावर पेन्सिलीनं वर्षवार आकडे मांडलेले आहेत. एकशे वीस, दीडशे, एकशे साडेसत्त्याऐंशी. चौथ्या आकड्यापाशी अक्षर बदलतं. दादाला लिहिता येत नव्हतं, तेव्हा कुणाकुणाकडून ते मांडून घेतले असणार. दिनदर्शिकेच्या पाठीमागं दुपटी लिहीत मी बसलो तो याच कागदाच्या आठवड्यात.

आमच्या धाकट्या भाचीला परवा सिस्साची गोष्ट सांगितली. तिला शहरं, डोंगर, ६४१ यांत रस नव्हता. तिनं विचारलं, ''मामू, मग राजानं काय केलं?'' कुणी सांगतात, त्यानं सिस्साचं डोकं उडवलं. इब्न खल्लिकानच्या पुस्तकात तसं नाही. हिशेब करून आलेले दिवाणखान्यातले लोक राजाला सांगतात की सगळा मुलूख विकला तरी हे देणं फिटणार नाही. तेव्हा राजा सिस्साकडं वळून म्हणतो की, तू जे मागितलंस ते तुझ्या खेळाहूनही नवलाचं आहे. गहू दिला की नाही, त्याबद्दल तिथं काही लिहिलेलं नाही.